नाक आमच्याकडे, कान तुमच्याकडे

आजच्या या निरोपसभेच्या अध्यक्षा आणि आपल्या इमारतीच्या निवडून आलेल्या प्रतिनिधी माननीय तार्चाईबाई. व्यासपीठावर, म्हणजे आपल्या जुन्या धुणीघराच्या या ओट्यावर, माझ्या शेजारी विराजमान झालेले पहिल्या मजल्यावरचे दंतवैद्य डॉक्टर वेर्मेश. ज्यांच्यासाठी आपण सगळे इस्त्रीचे कपडे घालून जमलो आहोत त्या सत्कारमूर्ती श्रीमती हालमोश गिझेल्ला. आईला न्यायला खास पेच शहराहून आलेली त्यांची कन्या एमोके. आणि खाऱ्या पोगाच्यांचा, म्हणजे आपल्या खुसखुशीत बिस्किटांचा, वास सुटल्यापासून माझ्याकडे पाठ व टेबलाकडे तोंड करून बसलेल्या माझ्या तमाम शेजाऱ्यांनो,

आपणां सर्वांना माझा नमस्कार. सभेतल्या स्त्रीवर्गाला आपल्या बुडापेस्टच्या जुन्या रीतीप्रमाणे वेगळं अभिवादन करतो. बायांनो, हात चुंबतो.

तार्चाईबाईंनी मला येतानाच जिन्यात गाठून सांगितलं, "पोशफाई, थोडक्यात आटपा. लिफ्टच्या उद्घाटनाला तुम्ही बोलायला उभे राहिलात आणि तुमचं संपेपर्यंत लिफ्ट बंद पडली होती." आरोप खरा आहे. पण माझी बाजूही ऐकून घ्या. मी एर्नो पोशफाई, खाणींत हवा ढकलणारे मोठे पंखे बनवणाऱ्या कारखान्यात जन्मभर इंजिनिअर होतो. हवा ढकलणे हाच माझा धंदा. निवृत्तीनंतर यंत्र हातातून गेलं, तेव्हापासून तेच काम मी तोंडाने करतो.

या टेबलावर रंगीत चादरीखाली जे काही झाकून ठेवलंय, ती हालमोशबाईंसाठी माझी भेट आहे. ती शेवटी उघडायची आहे. डॉक्टर, कोपरा उचलून बघू नका. दात नाहीत तिला.

आता मुद्द्यावर येतो. म्हणजे यायचा प्रयत्न करतो.

निरोपाचं भाषण कुणी करावं असा प्रश्न निघाला तेव्हा सगळ्यांनी एकमुखाने माझं नाव सुचवलं. कारण विचारलं तर म्हणाले, "तुमच्या दोघांत फक्त एक भिंत आहे." वा! शेजारधर्माचं इतकं थोडक्यात वर्णन मी ऐकलं नव्हतं. पण ती भिंत कसली आहे, हे तुमच्यातल्या नव्या बिऱ्हाडकरूंना ठाऊक नसेल, म्हणून सांगतो.

तिसऱ्या मजल्यावरचं आमचं आणि हालमोशबाईंचं घर मुळात एकच होतं. ते त्यांच्या आजोबांचं. मधली बैठकीची खोली अशी ऐसपैस, की तिच्यात लग्नाचा नाच व्हावा. आणि त्या खोलीच्या छताला, बरोब्बर मध्यभागी, झुंबराच्या हुकाभोवती प्लास्टरचं एक मोठं फूल. पाकळ्या, पानं, द्राक्षांचे घोस, आणि कडेच्या वर्तुळावर चार बायकांचे चेहरे, चारी दिशांना बघणारे.

तुम्ही कधी विचार केलात का, की दिव्याभोवती हे फूल मुळात करतात कशासाठी? शोभेसाठी, असं तुम्ही म्हणाल. मीही म्हणायचो. पण छतात हुक ठोकायचा म्हणजे ओबडधोबड भोक पडणार, भोवती तडे जाणार, दिव्याची काजळी वर चढणार. ते सगळं झाकायला हा सगळा फुलोरा. मूळ गोष्ट असते हुकाएवढी, आणि तिच्याभोवती द्राक्षं, पानं, बायका! माझ्या भाषणांचंही तसंच असतं, हे तुमच्या ध्यानात आलंच असेल.

तर पन्नासच्या दशकात सरकारी माणसं आली आणि त्यांनी ठरवलं की एका कुटुंबाला एवढी मोठी खोली म्हणजे फार झालं. त्यांनी जमिनीवर खडूने रेघ मारली. त्या रेघेवर बोरू, राख आणि चुना यांची एक भिंत उभी राहिली. भिंत वाळते न वाळते तोच पलीकडच्या भागात एक कुटुंब राहायला आलं. वडील, आई, एक ट्रंक, टोपलीत एक जिवंत बदक, आणि बदकाहून जास्त आवाज करणारा एक मुलगा. तो मुलगा मी.

भिंत घालणाऱ्यांना हुक काढायचा कंटाळा आला असावा. त्यांनी भिंत हुकापासून वीतभर बाजूला सरकवली. त्यामुळे हुक आला आमच्याकडे आणि फुलाचा मोठा अर्धा भागही आमच्याकडे आला. वर्तुळावरचा एक चेहरा मात्र भिंतीने मधोमध कापला. एक डोळा, सगळं नाक आणि तोंड आमच्या खोलीत राहिलं. दुसरा डोळा आणि कान हालमोशांच्या खोलीत गेले.

गिझेल्ला तेव्हा माझ्याच वयाची होती. दोन वेण्या, गुडघे कायम फुटलेले. जिन्यात आमची गाठ पडली की मी आधी ओरडायचो, "नाक आमच्याकडे आहे!"

ती एकदा शांतपणे म्हणाली, "असू दे की. कान आमच्याकडे आहे. तुम्ही बडबडा, आम्ही ऐकतो."

मंडळी, तेव्हापासून आजपर्यंत यात काही फरक पडलाय का? मी बोलतोय, ती ऐकतेय.

पण एक सांगतो, आणि हे हसण्यावारी नेणार नाही. हुक आमच्याकडे आला, म्हणजे त्यांच्या अर्ध्या खोलीत छताला दिवाच उरला नाही. ज्यांचं छत, ते टेबलावरच्या दिव्याच्या उजेडात बसायचे, आणि आम्ही उपरे त्यांच्या हुकाला दिवा लावून जेवायचो. माझी आई संध्याकाळी बटण दाबताना भिंतीकडे बघून हळूच म्हणायची, "लोकांच्या फुलाखाली जेवतोय आपण." हालमोशांपैकी कुणी मात्र त्यावरून आम्हांला कधी शब्दाने दुखवलं नाही. उलट पहिल्याच नाताळात गिझेल्लाच्या आजीने खसखशीचा रोल पाठवला. बदक आम्ही त्यांना द्यायला हवं होतं, ते आम्हीच खाल्लं.

पुढे आम्ही मोठे झालो. म्हणजे ती मोठी झाली, मी लांब झालो. ती ट्राम चालवायला लागली. या शहरात दाढीवाल्या पुरुषांना "रुळावरून बाजूला व्हा!" असं तिच्याइतक्या अधिकाराने कुणी सांगितलं नसेल. तिचं लग्न झालं, एमोके झाली, नवरा गेला. माझं लग्न इर्माशी झालं. आणि समोरच्या सज्जात रोज सकाळी गाठ पडली की मी टोपी काढून म्हणायचो, "हात चुंबतो, हालमोशबाई." ती म्हणायची, "नमस्कार, पोशफाई." इतकंच. वर्षानुवर्षं तोंडाने हात चुंबले. प्रत्यक्ष हात कधी हातात घेतला नाही.

इर्माला झुंबरांची हौस. तिने जुन्या बाजारातून एक भलंमोठं पितळी झुंबर आणलं, चहूबाजूंना हात पसरलेलं. मी इंजिनिअर, लावायला शिडीवर चढलो. लावून झाल्यावर लक्षात आलं की भिंतीच्या बाजूचे हात पसरायला जागाच नाही. शेवटी त्या बाजूचे हात स्क्रू काढून उतरवले आणि वर्तमानपत्रात गुंडाळून तळघरात ठेवले. मग आमच्याकडे वीतभर भिंतीला चिकटून अर्धं झुंबर पेटायला लागलं. येणारा प्रत्येक पाहुणा वर बघून विचारायचा, "उरलेलं शेजारी आहे का?" इर्मा हसून उत्तर द्यायची, "नाही, उरलेलं इंजिनिअरसाहेबांच्या हिशेबात आहे."

इर्मा गेल्यावर मला ते झुंबर बघवेना. तेही मी तळघरात नेऊन ठेवलं. हुक रिकामा राहिला. आणि मग तो उन्हाळा आला, ज्यात आपल्या अंगणातलं डांबर चपलांना चिकटत होतं, आठवतंय ना? मला वाटलं, आता हुकाला पंखा लावावा. पण बाजारातला साधा पंखा मी लावेन का? छे! जन्मभर पंख्यांत गेलेला माणूस मी. स्वतः आराखडा काढला. दोन पात्यांचा, लांब, ऐटदार पंखा. जुन्या कारखान्यातल्या मित्राकडून पाती कापून आणली.

आता इथे माझ्या बुद्धिमत्तेचं खरं दर्शन घडतं. पाती किती लांब घ्यावीत? मी खाटेवर आडवा होऊन वर बघितलं आणि म्हटलं, पातं फुलाच्या कडेच्या वर्तुळाच्या आत बसलं पाहिजे, म्हणजे शोभा येईल. वर्तुळाचं माप घेतलं, त्याच्या आत बसेल असं पातं केलं. इतका सोपा हिशेब. चूक काय झाली?

तुमच्यापैकी कुणी आयुष्यभर अर्ध्या फुलाखाली झोपलंय का? झोपला असाल तर समजेल. इतकी वर्षं ते अर्धं फूल बघितलं, की डोळे उरलेलं फूल आपोआप भरून काढतात. माझ्या डोक्यात ते पूर्ण होतं. चार चेहरे, चारही नाकं. फुलाचा बाकीचा भाग हालमोशबाईंच्या घरात आहे आणि मध्ये भिंत आहे, हे इंजिनिअर पोशफाई साफ विसरला! बरं, लावताना तरी कळावं? दोन पाती भिंतीला समांतर ठेवून घट्ट बसवली, भिंत आड आलीच नाही. मी शिडीवरून उतरलो, कपाळ पुसलं, कमरेवर हात ठेवले आणि मोठ्या अभिमानाने बटण दाबलं.

धाड!

पात्याचं टोक त्या कापलेल्या चेहऱ्याच्या खाली भिंतीत घुसलं. बोरू आणि राख ती, तिचा काय टिकाव लागणार? पलीकडे प्लास्टरचा एक गोळा सुटला. पलीकडे रविवारचं जेवण चाललं होतं. भिंतीलगत टेबल, टेबलावर आंबट चेरीचं गार सूप, आणि सूप वाढायला वाकलेल्या हालमोशबाई.

मी शिडी लावून वर चढलो आणि भोकातून डोकावलो. खाली सगळं गुलाबी. टेबलक्लॉथ गुलाबी, भिंत गुलाबी, बाईंचा पांढरा ब्लाउज गुलाबी. मी काय बोलावं? सवयीने तोंडातून निघालं, "हात चुंबतो, हालमोशबाई."

त्यांनी वर बघितलं. चेहऱ्यावरून सूप पुसलं. म्हणाल्या, "पोशफाई, दारातून आलात तर सूप मिळतं. भिंतीतून आलात तर भिंत मिळते."

मी माफी मागितली. इतकी मागितली की शेवटी त्याच ओरडल्या, "उतरा आता! शिडी मोडेल आणि मग मला सूप सोडून इस्पितळात यावं लागेल!"

त्या दिवशी मी पहिल्यांदा त्यांच्या टेबलाशी बसलो. सूप राखेचं लागत होतं. मी दोनदा मागून घेतलं.

मग शहाणपण दाखवत मी काय केलं? पंखा उतरवला? नाही! पोशफाईंचा पंखा आणि तो उतरवायचा? मी पाती कापली. वीतभरही उरू दिली नाहीत, भिंतीला लागू नयेत म्हणून. पंखा फिरायला लागला. आवाज कारखान्याएवढा, वारा मात्र डासालाही लागेना. हालमोशबाईंनी पलीकडून विचारलं, "पोशफाई, त्याने निदान अंडी फेटली जातात का हो?"

हसा, हसा. मीही हसलो असतो, पण तेव्हा मला राग आला होता. बाईंचं दुसरं म्हणणं तर फारच लागलं. त्या म्हणाल्या, "ते फूल दिव्यासाठी केलंय. दिव्याभोवती ते फुललेलं दिसतं. तुमच्या पंख्याभोवती ते घाबरलेलं दिसतं." पंख्यांच्या जगात चार लोक ओळखत होते मला. त्या माणसाला हे ऐकावं लागलं!

भोक बुजवायचं ठरलं. आपले झिगा गवंडी, ते बसलेत मागे, बिअरच्या पिंपाजवळ, त्यांना मी सांगितलं. ते आले नाहीत. पुन्हा सांगितलं. नाही आले. तिसऱ्यांदा तर मी त्यांना भर बाजारात, कोबीच्या ढिगाशी गाठून चार शब्द सुनावले. तेव्हाही ते फक्त मिशीत हसले. दरम्यान भोक तसंच राहिलं. पहिले काही दिवस आम्ही सभ्य माणसांसारखं भोक नसल्यागत वागलो. मग एकदा त्यांचा रेडिओ ऐकता ऐकता मी बातम्यांवर मोठ्याने मत दिलं, आणि भिंतीच्या पलीकडून उत्तर आलं, "मूर्खपणा आहे हा!" तिथून सुरुवात झाली.

काय सांगू तुम्हांला? त्या हाताएवढ्या भोकातून माझ्या घरात काय काय आलं! परतलेल्या कांद्याचा आणि पाप्रिका मिरचीचा वास आला. "औषध घेतलंत का?" असा आवाज आला. "तुमच्या घोरण्याने माझा चिनी कप हलतो" अशी तक्रार आली. आणि संध्याकाळी त्यांच्याकडचा दिवा लागला, की एक सरळ पट्टा माझ्या बाजूच्या नाकावर पडायचा. त्यांच्या टेबलावरच्या दिव्याचा उजेड, इतक्या वर्षांनी, आमच्या हुकापाशी पोचला होता. इर्मा गेल्यानंतर जे घर मला थंडगार वाटत होतं, ते त्या एका पट्ट्याने राहण्यासारखं झालं. मी त्या उजेडाची वाट बघायचो. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. आता धुणीघरात सांगतोय, म्हणजे उद्या चौकापर्यंत जाईल.

एकदा धीर करून मी वर तोंड करून म्हटलं, "हालमोशबाई, निव्वळ इंजिनिअरच्या दृष्टीने विचारतो. ही भिंत काही भार उचलत नाही. समजा पाडली तर?"

पलीकडे रेडिओ बंद झाला. मग उत्तर आलं, "आधी तो पंखा उतरवा. मग बोलू."

तुम्ही म्हणाल, एवढंच ना? शहाण्या माणसाने तेव्हाच शिडी लावली असती. पण अति शहाणा त्याचा बैल रिकामा! मला वाटलं, बाईंना माझा पंखा नको म्हणजे माझी जन्मभराची विद्या नको. मी फुगलो. दोन दिवस भोकाकडे पाठ करून बसलो, बोललो नाही. तिसऱ्या दिवशी बोललो, पण पंख्याचा विषय काढला नाही. त्यांनीही काढला नाही. पंखा लटकत राहिला आणि त्याच्यासोबत भिंतही उभी राहिली.

आणि मग वसंतात बातमी आली, की हालमोशबाई पेचला चालल्या. एमोकेच्या घरी. गुडघे दुखतात, आपली लिफ्ट जशी आहे तशी आहे, वय झालं. कारणं सगळी खरी. घर पर्यटकांना भाड्याने द्यायचं ठरलं आहे. म्हणजे छताखाली दुसरं खोटं छत येणार, त्यात छोटे छोटे दिवे येणार, आणि त्यांच्या बाजूचा कान कायमचा झाकला जाणार. भोकही बुजणार, अर्थात. एमोके, तुला दोष देत नाही पोरी. आईला जवळ ठेवावं असं वाटणं हा काय गुन्हा आहे?

तर बंधुभगिनींनो, हालमोशबाईंच्या गुणांविषयी बोलायचं झालं, तर त्यांचा वक्तशीरपणा, ट्रामच्या सेवेतला त्यांचा नावलौकिक, सज्जातली त्यांची जिरॅनियमची फुलं, त्यांचा स्पष्टवक्तेपणा, त्यांच्या हातचं चेरीचं...

काय? सत्कारमूर्ती काही म्हणताहेत. तार्चाईबाई, जरा शांतता करा.

त्या म्हणताहेत, "पोशफाई, फुलं पुरे झाली. हुकावर या."

ऐकलंत? हे असं आहे! ताकाला जाऊन भांडं लपवायची सोयच नाही या बाईंपुढे.

येतो. हुकावर येतो. फक्त एक मिनिट. मागे कोण हात वर करतंय? झिगा? झिगा, भाषणात मध्येच बोलायची पद्धत नाही... बरं, बोला.

झिगा गवंडी म्हणतात, "कोबीच्या ढिगाशी मला शिव्या दिल्यात, त्या परत घ्या. मी तीनही वेळा घमेलं-थापी घेऊन आलो होतो. तीनही वेळा मला परत कुणी पाठवलं, ते पुढच्या रांगेत विचारा. पहिल्यांदा सफरचंदाचा रोल दिला, दुसऱ्यांदा पाप्रिका-चिकन, आणि तिसऱ्यांदा नुसतीच दमदाटी."

मंडळी, मला जरा पाणी द्या.

नको डॉक्टर, सोडा नको. पाणीच द्या.

हालमोशबाई, तुम्ही... तुम्ही गवंड्याला परत पाठवलंत? आणि मी मूर्ख, दर आठवड्याला त्याच भोकातून तुमची माफी मागत होतो, की गवंडी येत नाही, लाज वाटते, कामगारांत काही राम उरला नाही! आणि तुम्ही पलीकडून म्हणायचात, "होय हो पोशफाई, काळ वाईट आलाय!"

हसू नका रे. म्हणजे, हसा. मला बघवत असतं तर मीही आरशात बघून हसलो असतो.

माझ्या भाषणाचा पुढचा कागद आता निरुपयोगी आहे. त्यात पेच शहराच्या आरोग्यदायी हवेची स्तुती होती. तो मी खिशात घालतो. अध्यक्षबाईंच्या परवानगीने आता भेट उघडतो. डॉक्टर, त्या टोकाला धरा. सावकाश.

ओळखलंत का? होय, तोच. अंडी फेटायचं यंत्र. दोन टीचभर पाती, एक मोटर, आणि एका निवृत्त माणसाचा सगळा ताठा, एकत्र नटबोल्टने आवळलेला. आज सकाळी शिडी लावली आणि उतरवला. एमोके, घाबरू नकोस, हा पेचला न्यायचा नाही. हा झिगाने भंगारात द्यावा आणि त्याची बिअर प्यावी. मी त्याला तेवढं देणं लागतो.

हालमोशबाई. म्हणजे, गिझी. जिन्यातली गिझी. हुक आता मोकळा आहे. इर्माचं झुंबर तळघरातून वर आणलंय, पुसून ठेवलंय. त्याचे काढलेले हातही वर्तमानपत्रातून सोडवले आहेत, सगळे आहेत, एकही हरवलेला नाही. पण ते सगळे हात पसरायला त्या खोलीत जागा नाही. ती जागा कशी होईल, ते तुला माहीत आहे. तुझे गुडघे दुखतात तर बाजार मी आणीन. मी तसाही दिवसभर हवा ढकलत बसतो. पेचला गेलीस तर मी रागावणार नाही. ट्रंक उचलायला सगळ्यांत पुढे मीच असेन. पण मी तुला निरोप द्यायला उभा राहिलेलो नाही. इथे सगळे तसं समजून बसलेत, मीही घरून निघताना तसंच समजत होतो. मला म्हणायचंय ते एवढंच आहे, की जाऊ नकोस. तुझ्याकडचा दिवा लागला नाही, तर मला संध्याकाळ झालेली कळणार नाही.

झालं. हुक एवढाच होता.

आता रीतीप्रमाणे आभार. ही सभा भरवल्याबद्दल तार्चाईबाईंचे, चादर धरल्याबद्दल डॉक्टरांचे, भोक न बुजवल्याबद्दल झिगांचे, आणि पोगाचे गार होत असतानाही जागेवरून न उठल्याबद्दल आपणां सर्वांचे. बोलण्याच्या ओघात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, कुणाची चेष्टा प्रमाणाबाहेर झाली असेल, तर ती माझ्या वयाच्या खात्यावर टाका आणि मोठ्या मनाने विसरून जा. आज भाषण लांबलं असेल तर लिफ्टची शपथ, पुन्हा...

थांबा. ती उठून उभी राहिली आहे. काय म्हणालीस? मला ऐकू आलं नाही, कान कायम तिकडेच! डॉक्टर, काय म्हणाली ती?

तार्चाईबाई म्हणताहेत, भिंतीला हात लावायचा तर रहिवाशांच्या सभेची मंजुरी लागेल. अहो बाई, सगळी सभा समोर बसली आहे! हात वर करा रे, पोगाच्यासकट चालतील. एमोके, तूही? पोरी, तुझे उपकार... बघा, मोजायचीसुद्धा गरज नाही.

पण ती काय म्हणाली? मला कुणी सांगाल की नाही?

डॉक्टर सांगताहेत, ती माझ्याशी बोललीच नाही. ती झिगाशी बोलली. म्हणाली, "झिगा, सोमवारी मोठा हातोडा घेऊन ये. आणि वरच्या बाजूला जपून मार. त्या नाकाला ओरखडा जरी उठला तर तुझी खैर नाही. ते आता आमचंसुद्धा आहे."